झोपलेला स्टड

कट्ट!

माझा चहाचा कप ओठाशी येता येता थांबला. आवाज समोरून आला होता, चंद्रभानच्या वर्कशॉपमधून, आणि तो कशाचा हे बघायला जायची मला गरज नव्हती. उभा जन्म सुट्या भागांचं दुकान चालवण्यात गेला की पान्याखाली स्टड तुटल्याचा आवाज माणसाला भर बाजाराच्या गोंगाटातही ओळखू येतो. तरी मी मनाशी म्हटलं, नसेल. चंद्रभान रामटेकेच्या हातून स्टड तुटणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यानं बादलीत बुडणं.

पण समोर सगळं चिडीचूप होतं. कप तसाच ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि जरीपटका वस्तीतल्या आमच्या गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या ई-रिक्षांना शिव्या घालत रस्ता ओलांडला.

चंद्रभान लांब दांड्याचा पाना हातात धरून उभा होता. पुढ्यात, शाळेच्या पोरी ने-आण करणाऱ्या जयाच्या व्हॅनचं इंजिन. ब्लॉकवर हेड चढलेलं, नट लावलेले, शेवटची कसणी चाललेली. आणि पान्याच्या तोंडात एक नट, त्या नटात अडकलेला स्टडचा वरचा तुकडा. खालचा तुकडा ब्लॉकच्या पोटात राहिला होता.

ज्यांना इंजिनाशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचं झाकण म्हणजे हेड. या दोघांना एकमेकांशी आवळून धरणारे, दोन्ही टोकांना आटे असलेले जे लांब लोखंडी दांडे असतात, ते हेड स्टड. त्यातला एक जरी ब्लॉकच्या आत तुटला, तर तो बाहेर काढणं हे भल्याभल्यांना घाम फोडणारं काम. घाई केली तर आत आणखी एक तुकडा पडतो, ड्रिल वाकडं गेलं तर आटे जातात, आणि आटे गेले की ब्लॉक भंगारात. जयाच्या व्हॅनचा ब्लॉक तर आता भंगारातही शोधून मिळाला नसता. ते मॉडेल केव्हाच बंद झालेलं.

आणि असे तुटलेले स्टड काढायचे कोणी, तर चंद्रभाननं. बुटीबोरीपासून कामठीपर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये स्टड आत राहिला की मिस्त्री लोक चार-दोन शिव्या हासडायचे आणि ब्लॉक ऑटोत टाकून आमच्या गल्लीत धाडायचे. अनोळखी गिऱ्हाईक यायचं, घाम पुसत म्हणायचं, "मिस्त्री, स्टड तुटला." चंद्रभान ढिम्म. जणू कानच नाहीत. मग मी आपल्या गल्ल्यावरून ओरडायचो, "अहो, तुटला नका म्हणू! झोपला म्हणा!" गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, त्याच्याकडे बघायचं आणि आपण वेड्यांच्या गल्लीत आलो अशा चेहऱ्यानं म्हणायचं, "मिस्त्री, स्टड झोपला." की लगेच चंद्रभान मान वर करायचा. "आना. पाहू, किती गाढ झोपला तं."

मी एकदा त्याला छेडलं होतं, हे काय थेर काढलंस म्हणून. तो म्हणाला, "तुटला म्हटलं का हात घाई करते, महादेव. झोपला म्हटलं का हळू हालवते."  त्या वर्कशॉपमध्ये 'तुटला' हा शब्द कोणी उच्चारत नसे, मीसुद्धा.

"काय गा, काय झालं?" मी विचारलं.

त्यानं पाना सावकाश खाली ठेवला.

"तुटला," तो म्हणाला.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "झोपला म्हन ना बे," मी हसण्यावारी न्यायला गेलो.

"झोपला नाही. तुटला. माह्या हातानं तुटला."

मला रागच आला. माझं असंच आहे, जिथे वाईट वाटायला हवं तिथे आधी डोकं तापतं. या इंजिनाला नव्या स्टडचा पूर्ण संच घे म्हणून मी त्याला आठवडाभर सांगत होतो, आणि तो माझं ऐकत नव्हता. त्याची स्वतःची रीत होती. जुना स्टड ब्लॉकमध्ये असतानाच साफ करायचा, डोळे मिटायचे आणि अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत बोटं फिरवायची. ताण खाऊन खाऊन स्टड एखाद्या ठिकाणी किंचित बारीक होतो. चंद्रभान त्याला स्टडची कंबर म्हणायचा. कंबर लागली की स्टड बाद, नाही लागली की ब्लॉकमध्ये तसाच राहू द्यायचा. माझ्या काचेच्या कपाटातला व्हर्नियर, जो हीच जाडी मापतो, त्याला तो 'तुह्या दुकानातला दागिना' म्हणायचा. आणि खरं सांगायचं तर त्याची चिमटी त्या दागिन्याहून चोख होती. मी दोन-तीनदा चोरून मापून पाहिलं होतं.

त्यानं तुकडा माझ्यापुढे धरला. मोडल्या जागी स्टड चांगला बारीक झालेला. माझ्या डोळ्यालासुद्धा दिसत होता.

"हे तुले समजलं नाही?"

"नाही ना समजलं."

"बरं, मंग त्यात काय एवढं? गाडी जुनी, स्टड जुना. पान्याखाली गेला. जयाले तेच सांग, ती काय म्हननार आहे? इंजिन उघडलं का असं होतेच."

"होते," तो म्हणाला. "पन हे तसं नाही झालं. मले बोटाले काही लागूनच नाही राहिलं, महादेव."

मागच्या दारातून त्याची बायको, कौसल्याबाई आल्या. वर्कशॉपच्या मागेच त्यांचं घर. रामदासपेठेतल्या एका बालरुग्णालयात नर्स म्हणून त्यांची सारी नोकरी झाली, म्हणून अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते, नवऱ्यासकट. निवृत्त झाल्यावरही गल्लीतल्या कोणाचंही इंजेक्शन त्यांच्याच हातचं. त्यांनी काही न विचारता चंद्रभानचा उजवा हात धरला आणि उलटा केला. अंगठ्याच्या पेरावर मोठा फोड आलेला होता, फुटून ओला झालेला.

"हा कधी भाजला?"

चंद्रभान त्या फोडाकडे बघत राहिला. दुसऱ्याच कोणाचा अंगठा असावा तसा.

"सकाळी वेल्डिंग केलं, तेव्हा असन."

"पाहा भाऊजी," सिस्टर माझ्याकडे वळल्या. "साखरेनं बोटं बधिर झाली यांची. म्या टाचणी टोचून पाहिली तं म्हणे, समजून राहिलं. डोळे उघडे ठेवून सांगत होते! मी म्हटलं, अजी, हाताचं काम आता कमी करा. तं मलेच म्हणे, तुह्या दवाखान्यातलं मले सांगू नको."

एरवी या वाक्यावर चंद्रभाननं उलट उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्यानं तो हात नुसता फडक्यात गुंडाळला. मला ते बिलकुल सहन झालं नाही. ज्या बोटांवर या माणसाचं नाव उभं होतं, तीच गेली होती, आणि मी समोर बसून रोज चहा पीत होतो.

तेवढ्यात जया आली. "जय भीम काका, झालं का?" म्हणत ती शटरखालून वाकून आत शिरली. जया स्वतः व्हॅन चालवते. नारा, इंदोरा, कुठून कुठून पोरी गोळा करून शाळेत सोडते. सोमवारी शाळा उघडणार होती आणि हा शुक्रवार.

मी चंद्रभानला डोळ्यानं खुणावलं. जुना स्टड, जुनी गाडी, एवढंच बोल. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"जया, एक स्टड आत तुटला. जुना होता, पन दोष त्याचा नाही. बारीक झालेला स्टड मी पारखला नाही. माह्या बोटाले आता समजत नाही, आन् तरी मी कामाले हात घातला. तुह्यापासून लपवलं. चूक माही आहे."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या काका. पण जया काही देवी नाही. ती तडकली.

"मंग आता मी काय करू? पोरींच्या आया सकाळपासून फोन करून राहिल्या, ताई येता ना सोमवारी म्हणून. नाही आली तं त्या दुसरी गाडी लावतीन. एकदा लावली का वर्षभर कोनी माह्याकडे फिरकत नाही! हे तुम्ही मले पहिले काहून नाही सांगितलं?"

"बरोबर आहे तुहं," चंद्रभान म्हणाला. "दुसऱ्या मिस्त्रीकडे ने. हेड मी उतरवून देतो, ब्लॉक आपल्या हातानं ऑटोत ठेवून देतो."

जयानं रागारागानं फोन काढला आणि कामठी रोडवरच्या कोण्या मिस्त्रीला लावला. स्टड आत राहिला, ब्लॉक आणू का, असं विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिनं फोन खाली केला.

"काय म्हने?" मी विचारलं.

"म्हने, ताई, ते आमच्या हातचं काम नाही. जरीपटक्याले चंद्रभान मिस्त्री म्हणून आहे, त्यायच्याकडे घेऊन जा."

आधी सिस्टर हसल्या. मग मी. मग जयाच्याही कपाळावरची आठी मोडली. हसला नाही तो फक्त चंद्रभान. तो तुटक्या स्टडच्या भोकाकडे बघत होता.

"काका," जया जरा नरमली, "तुम्हीच पाहा ना एकदा. तुम्हाले नाही तं कोनाले जमन?"

चंद्रभाननं आपला भाजलेला अंगठा एकदा पाहिला. मग बायकोकडे वळला.

"सिस्टर, तुह्या बोटाले अजून नस लागते?"

"म्हणजे?"

"लेकराची. दिसत नाही ती. तू बोटानं चाचपून सुई घालत होती ना?"

"लागते तं. काल शेजारच्या आजीले सलाइन लावलं. पन तिचं इथं काय?"

"हात धुऊन ये."

"हात धुऊन? ग्रीसमध्ये घालाले?"

"ये म्हटलं ना वं."

हेड उतरलं. स्टड ब्लॉकच्या तोंडाच्या थोडा खाली मोडला होता. आत पाणी जाऊन जाऊन गंजलेला, आट्यांना घट्ट धरून बसलेला. पुढचं काम चंद्रभाननं स्वतः केलं, आणि ते मी शेजारी उभं राहून पाहिलं. डोळ्यांवर काळा चष्मा, आणि वेल्डिंगचा थेंब तुकड्याच्या नेमका मधोमध. थेंबावर थेंब चढवत त्यानं तो तुकडा वरपर्यंत आणला आणि वर एक नट जोडला. ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, त्याला हे वेल्डिंग धरत नाही, म्हणून आटे शाबूत राहतात. बोटं बधिर असली तरी त्याचा हात तसूभर हलला नव्हता. लाल झालेलं लोखंड जरा निवल्यावर त्यानं मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत झिरपत गेलं आणि देवघरासारखा वास सुटला.

"आता पाना धर," तो बायकोला म्हणाला. "दांड्याच्या टोकाले नाही, नटापाशी. दोन बोटं नटावर ठेव. पहिले कस. एवढुसा. मंग उलट."

"कसू कायले? काढाचं आहे ना?"

"गंजाची पकड पहिले पुढं मोडते. कस."

तिनं कसलं. मग उलट फिरवलं.

"हाललं जी!"

"थांब! फिरून राहिला का पिळून राहिला?"

सिस्टर वैतागल्या. "मले काय समजते फिरणं न् पिळणं! हाललं एवढं समजलं."

इथेच सगळी गोम असते. गंजलेला स्टड दोन तऱ्हांनी हलतो. खरोखर सुटला तर फिरतो. सुटला नसेल तर नुसता पीळ खातो, हात सोडला की मागे येतो, आणि तोच पीळ वाढला की पुन्हा तुटतो. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं. फरक फक्त बोटाला कळतो, आणि तो शब्दांत सांगायची वेळ चंद्रभानवर आजवर कधी आलीच नव्हती. तो कपाळाला हात लावून उभा राहिला. कपाळावर ग्रीसचा पट्टा उमटला.

"पाह्य," तो हळू बोलू लागला, "सुई नसेच्या बाजूनं मासात गेली, तं तुले कसं लागते?"

"घट्ट लागते. मागं ढकलल्यावानी."

"आन् नसेत गेली तं?"

"तं एकदम मोकळं लागते. काही अडतच नाही."

"हां. ते मोकळं लागलं का फिरून राहिला. मागं ढकलून राहिलं तं पिळून राहिला. मंग जोर नको करू, लगेच सोड."

सिस्टरांचा चेहराच बदलला. त्यांनी साडीचा पदर खोचला, डोळे मिटले आणि दोन बोटं नटावर अशी ठेवली की त्या एखाद्या लहान लेकराच्या मनगटावर ठेवताहेत असंच मला वाटलं.

"मागं ढकलते," त्या म्हणाल्या.

"सोड."

पुन्हा आच, पुन्हा मेण. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. "ढकलते." "सोड." जया भिंतीला टेकून नखं खात होती. मधेच टक् झालं आणि नट पान्यासकट हातात आला. सिस्टर घाबऱ्या झाल्या. "गेलं! माह्यानं मोडलं जी!"

"काही नाही मोडलं. वेल्डिंग उखडलं. माहं वेल्डिंग. सरक." चंद्रभाननं नवा नट जोडला. इतक्या शांतपणे की मला दुपारभरात पहिल्यांदा आपलं डोकं गार झाल्यासारखं वाटलं. स्वतःच्या हातात पाना घ्यायचा मोह त्याला झाला नसेल असं नाही. एकदा त्याचा हात पुढे आलेला मी पाहिला. त्यानं तो मागे घेतला आणि पाठीशी दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"कस," तो म्हणाला. "आता उलट."

सिस्टर थांबल्या. डोळे मिटलेलेच.

"काय झालं वं?"

"मोकळं लागलं."

"पक्कं?"

"मले विचारू नका पक्कं म्हणून. मोकळं लागलं म्हणजे लागलं!"

"मंग येऊ दे."

आणि तो आला. कुरकुरत, गंजाची लाल भुकटी सांडत, एक-एक आटा दाखवत तो तुकडा वर आला. जयानं टाळीच वाजवली. आटे सगळे जागच्या जागी होते. चंद्रभाननं टॉर्च लावून भोकात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग बायकोकडे बघून एवढंच म्हणाला, "लेकराले रडू नाही दिलं तू."

त्या माणसाच्या तोंडून बायकोची याहून मोठी तारीफ मी ऐकलेली नाही. सिस्टर साबण शोधायला आत गेल्या त्या जरा उशिरानेच बाहेर आल्या.

"महादेव," तो मला म्हणाला, "तुह्या दुकानातला तो व्हर्नियर आन. आन् टॉर्कचा पाना. आन् नवीन स्टडचा संच."

इतकी वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघत होतो तो हा. मी दुकानात जाऊन काच उघडली, धूळ पुसली, आणि सांगतो, मला जरासुद्धा आनंद झाला नाही. तो व्हर्नियर त्याच्या हातात देताना माझाच हात जड झाला. त्यानं मात्र तो नीट उजेडात धरला, आकडा वाचला, पुन्हा वाचला. उरलेले जुने स्टडही काढले. त्यांत आणखी दोघांना कंबर निघाली. ते त्यानं बाजूला ठेवले आणि जयाला दाखवले, म्हणजे तिला समजावं.

दुसऱ्या दिवशी हेड पुन्हा चढलं. टॉर्कचा पाना, म्हणजे ठरलेला जोर झाला की टक करणारा, जयाच्या हातात होता. "मधून बाहेर, आडवा-तिडवा," चंद्रभान सांगत होता, "पान्यानं टक केलं का थांबाचं. आपली अक्कल लावाची नाही." दुपारी इंजिन सुरू झालं. धूर थोडा आला, मग तोही गेला. जयानं व्हॅन गल्लीतून दोनदा पुढे-मागे नेली आणि उगाच हॉर्न वाजवला. सोमवारी सकाळी मी दुकान उघडत होतो तेव्हा ती समोरून गेली. खिडक्यांतून पोरींच्या वेण्या दिसत होत्या.

त्याच दिवशी, जेवणाच्या सुमारास, हिंगण्याकडून एक माणूस ऑटोत ब्लॉक घालून आला. घामाघूम झालेला. दोघातिघांनी मिळून ब्लॉक ओट्यावर चढवला.

"चंद्रभान मिस्त्री तुम्हीच का?" त्यानं विचारलं.

"मीच."

"तुमचं नाव ऐकून आलो. स्टड तुम्हीच काढता ना?"

मी दुकानातून बघत होतो. म्हटलं, आता काय सांगतो हा. नवखा माणूस, गावभर नाव ऐकून आलेला. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं.

"काढत होतो," चंद्रभान म्हणाला. "आता ह्या काढतात. मी फक्त जवळ रायतो." आणि आत तोंड करून त्यानं हाक मारली, "सिस्टर, जेवन झालं का तुमचं?"

तुमचं. बायकोसाठी हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

सिस्टर पदराला हात पुसत बाहेर आल्या. वर्कशॉपमध्ये बसायला एकच स्टूल. चंद्रभाननं ते आपल्या फडक्यानं पुसलं, ब्लॉकपाशी सरकवलं आणि त्यांना बसायला दिलं. स्वतः मागे उभा राहिला.